सामनची ओळख

मुंबईच्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात; पण रावस सामनच्या कुळातला नव्हे. मासा नावाने नव्हे, अंगाने ओळखावा असे आम्ही म्हणतो, ते म्हणूनच.

अमेरिकेत सिॲटलजवळच्या प्युजेट साउंड या सागरी खाडीत लोक धक्क्यावरून सामन धरतात. चिनूक जातीच्या खालच्या हिरड्या काळ्या, ठिपके शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर. कोहोच्या हिरड्या दातांच्या मुळाशी पांढुरक्या, ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके. तो मुख्यतः विषम सालीच येतो.

ही ओळख हौसेची नाही. 1999 साली तिथला चिनूक कायद्याने संकटग्रस्त ठरला. उबवणी केंद्रे बहुतेक पिलांचा शेपटीजवळचा, पाठीवरचा लहान मांसल पर कापूनच त्यांना सोडतात. तो शाबूत असेल, तर मासा बहुधा नदीतच जन्मलेला समजावा. म्हणून उंच धक्क्यावरून गळाने ओढू नये; दोराने सोडलेल्या गोल जाळ्यात घ्यावा, चटकन निरखावा आणि असा चिनूक निघाला तर जाळ्यातूनच खाली पोहोचवावा.

1974 च्या निवाड्याने जुन्या करारांनुसार तिथल्या आदिवासी कोळ्यांचा धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर हक्क मान्य झाला. मासाच उरला नाही, तर निम्मे कशाचे घ्यायचे?