लिस्बनहून दोरोच्या खोऱ्यांत

पोर्तुगाल हें नांव आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फारशा ममतेनें घेतलें गेलें नाहीं. आमचें कुलदैवत श्रीमंगेश. इ. स. १५६० मध्यें फिरंगी अंमलाच्या भयानें तें कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, अघनाशिनीपलीकडे प्रियोळास न्यावें लागलें, हें वाचकांस ठाऊक असेलच. म्हणून तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या भाच्यानें जेव्हां लिहिलें कीं, "मामा, येत्या आश्विनांत तुम्ही व मामी या, समुद्रकांठचीं शहरें आणि द्राक्षांचें खोरें मोटारीनें दाखवितों," तेव्हां जावें कीं न जावें याचा आम्हांस आठ दिवस विचार पडला. अखेर निकाल आमच्या कुटुंबानें दिला. "देव नव्या जागीं सुखानें नांदताहेत, आपण कशाला रुसून बसायचें?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

लिस्बन शहर तेजो नदीच्या मुखाशीं, टेकड्यांवर वसलें आहे. तेथील बेलें या भागांत जेरोनिमुश नांवाचा प्रचंड मठ असून त्याच्या देवळांत शिरतांच एका बाजूस वास्को द गामा याची समाधि दिसते. ८ जुलै १४९७ रोजीं तो येथूनच निघाला व पुढल्या वर्षीं मे महिन्यांत कालिकतास पोंचला, हें आम्हीं कित्येक वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूस कामोंइश कवीची समाधि आहे. हा कवि गोव्यांत राहून गेला व त्याचें महाकाव्य १५७२ त छापलें गेलें. मठाच्या खांबांवर दोरखंड, शंख व समुद्रवनस्पति इतक्या नाजूकपणें कोरल्या आहेत कीं दगड आहे हें विसरावें. मात्र या बांधकामाचा पैसा मसाल्याच्या व्यापारावरील करांतून आला होता. तेव्हां मलबारच्या मिऱ्याचा कांहीं अंश त्या खांबांत आहे, असें मानून आम्हीं त्यांची स्तुति मोकळ्या मनानें केली.

१ नोव्हेंबर १७५५ रोजीं भूकंप, समुद्राची लाट आणि आग या तिहींनीं हें शहर जवळजवळ नष्ट केलें. पुढें पोंबाल या करड्या प्रधानानें तें सरळ रस्त्यांचें व भूकंपास टिकावीं म्हणून आंत लांकडी सांगाडा घातलेल्या घरांचें असें पुन्हां उभारलें. या गृहस्थाचें नांव लक्षांत ठेवावें. तो पुढें द्राक्षांच्या मळ्यांत पुन्हां भेटणार आहे. नदीवरील तांबडा झुलता पूल १९६६ त खुला झाला तेव्हां त्यास सालाझारचें नांव होतें. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर तें पुसून त्या तारखेचेंच नांव पुलास दिलें. गोवा १९६१ त मुक्त झाला तरी सालाझारनें तें अखेरपर्यंत मानलें नाहीं. त्यास पोर्तुगालची मान्यता मिळाली ती क्रांतीनंतर, १९७४ च्या ३१ डिसेंबरच्या तहानें.

उत्तरेकडील वाटेवर नाझारे लागलें. येथें समुद्राच्या तळाशीं खोल दरी असल्यानें हिवाळ्यांत डोंगराएवढ्या लाटा उठतात. आम्हीं पाहिल्या त्या लहानच होत्या. पण किनाऱ्यावर जाळ्यांवर उभी चिरून वाळत घातलेली मासळी पाहून आमच्या कुटुंबास माहेर आठवलें. आव्हेरू येथें कालवे व मिठागरें आहेत. नक्षीदार नावा, ज्या पूर्वीं खतासाठीं शेवाळ गोळा करीत, त्या आतां प्रवासी फिरवितात. वाटेंतील खाणावळींत पाव, बटाटा, कोबी, अननस हे शब्द यजमानांच्या तोंडून जसेच्या तसे ऐकूं येत. कोणीं कोणाकडून काय घेतलें याचा हिशेब भाषा फार निर्मळपणें ठेविते.

पोर्तो हें दोरो नदीच्या मुखाजवळचें शहर. या जागेच्या जुन्या नांवावरूनच देशास पोर्तुगाल म्हणूं लागले. नदीवर १८८६ सालचा दुमजली लोखंडी पूल आहे, आणि पलीकडे गाया गांवीं मद्याचीं कोठारें. आम्ही आजन्म मद्य न शिवणारे. कोठार पाहण्यास मात्र हरकत नव्हती. थंड काळोखांत रांगेनें ठेवलेल्या पिंपांस दाखविणारी बाई 'पीप' म्हणाली, तेव्हां आमच्या न्हाणीघरांतील पिंपाचें मूळ डोळ्यांपुढें आलें. येथील एक पीप सुमारें ५५० लिटरांचें असतें. द्राक्षरस आंबत असतां मध्येंच त्यांत द्राक्षांचाच तीव्र अर्क ओततात. त्यानें किण्व मरतें व उरलेली साखर तशीच राहते, म्हणून हें मद्य गोड.

दुसऱ्या दिवशीं रेगुआहून पिन्यांवपर्यंत नदीकांठच्या रस्त्यानें गेलों. हें दृश्य आम्ही विसरणार नाहीं. दोन्ही तीरांवरील डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनीं बांधलेले आहेत. पाटीसारखा थरांचा खडक पहारीनें फोडून माणसांनीं ही माती केली आणि त्याच दगडांचे बांध रचले. कोंकणांतील वरकस जमिनीवर ज्यानें घाम गाळला आहे, त्यासच याची किंमत कळेल. येथील मद्यांत एल्डरबेरी नांवाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळून रंग आणण्याची लबाडी माजली, तेव्हां पोंबालनें १७५६ त या प्रदेशाची सीमा ठरविली, पुढें दगड रोवले व तीं झुडपें उपटविलीं. प्रदेशाच्या नांवानें मद्य ओळखण्याची कल्पना आमच्या शास्त्रांसही नवी नाहीं: कापिशीच्या द्राक्षमद्यास 'कापिशायन' म्हणत, तो शब्द पाणिनि साधून देतो आणि कौटिल्यही सांगतो.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत, १८६० नंतर, फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें वेलांचीं मुळें खाल्लीं व मळेच्या मळे वाळले. उपाय अमेरिकेंतील चिवट मुळांवर येथील वेलांचें कलम करण्याचा निघाला. हापुसाच्या कलमांची विद्या ज्यांनीं गोव्यांत आणली, त्यांच्या घरचे वेलही असे कलमानेंच वांचले. सारे मळे मात्र वांचले नाहींत; कित्येक पायऱ्या अजून ओसाड आहेत, व त्यांवर झुडपें आणि कोठें कोठें जैतुनाचीं झाडें दिसतात.

एका लहान मळ्यांत तोडणी चालली होती. मालक पंचाऐंशीच्या घरांतला. तोडणीस माणसें मिळत नाहींत, मुलें शहरांत गेलीं, ही तक्रार त्यानें प्रथम केली. आम्ही मूळचे गोव्याकडील हें भाच्यानें सांगतांच तो थबकला. १९६१ त तो गोव्यांत शिपाई होता, आणि पुढल्या मे महिन्यापर्यंत फोंड्याच्या छावणींत युद्धकैदी. फोंडा! आमचा मंगेश तेथून दोन-तीन कोसांवर. आम्हीं तसें सांगितलें; त्यास देऊळ आठवत नव्हतें, पण उन्हाळा आठवत होता, आणि पहाऱ्यावरील एका शिपायानें शिकविलेला एक शब्दही.

त्यानें आमच्यापुढें पेला धरला होता. आम्हीं हात जोडून नको म्हटलें. तेव्हां म्हातारा हंसला, आंत गेला, व मातीचा कुंजा घेऊन बाहेर येत आपल्या जाड उच्चारांत म्हणाला, "उदक."

आम्ही तिघेंही बांधावर बसून तें पाणी प्यालों. फार थंड होतें.