झाडाची स्वतःची गोलाई

गृहसंकुलाचं फाटक असो, बँकेच्या पायऱ्या असोत की रस्त्याचा दुभाजक, महाराष्ट्रातल्या शहरांत आज जिकडेतिकडे एकाच घडणीची बाग दिसते. सोनेरी दुरांटाचे कापून केलेले गोळे आणि कुंड्यांमध्ये उभे केलेले फायकसचे चेंडू. बारमाही हिरवं, आटोपशीर आणि गोलसर झुडूप ही लहान बागेची खरीखुरी गरज आहे. मोठं झाड तिथे मावत नाही, हंगामी फुलांचा ताटवा काही महिन्यांत संपतो आणि हिरवळीला लागणारं पाणी एप्रिल-मेमध्ये आणायचं कुठून, हा प्रश्न पडतो. अशा जागेला वर्षभर रूप देण्याचं काम झुडूपच करतं. मात्र त्याची गोलाई आपण कात्रीकडून मागतो, आणि बागेची निम्मी दुखणी तिथेच सुरू होतात. गोल वाढण्याची सवय ज्या झाडाच्या अंगातच आहे ते निवडून लावलं, तर कात्रीला फारसं काम उरत नाही. त्यामुळे छाटणी कशी करावी याच्या आधी काय लावावं याचा विचार व्हायला हवा.

कात्रीने नेमकं काय होतं ते पाहू. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा कापला की हा दाब उठतो, कापल्या जागेखालचे दोन-चार डोळे एकदम फुटतात आणि झुडूप दाट दिसू लागतं. इथवर सगळं छान. पण दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच रेषेवर कात्री फिरत राहिली की ही फूट बाहेरच्या बोटभर थरातच साचते. त्या थरातून आत ऊन पोचत नाही, आतली पानं गळतात आणि झुडपाचं हिरवं टरफल तेवढं उरतं. एखादी फांदी मोडली की आतला काटक्यांचा सांगाडा उघडा पडतो आणि ते भगदाड लवकर भरून येत नाही. शिवाय सतत येणारी कोवळी पालवी म्हणजे मावा आणि पिठ्या ढेकणाला आमंत्रण. फुलांचं नुकसान तर सरळच आहे. इक्झोराचे गुच्छ आणि कुंतीचे सुवासिक झुबके फांद्यांच्या टोकांकडे येतात आणि कात्री नेमकी टोकंच उडवते. बारा महिने चेंडूसारखा राखलेला इक्झोरा म्हणूनच जवळजवळ बिनफुलाचा असतो.

झाडांच्या वाढीच्या सवयी मुळातच वेगवेगळ्या असतात. दुरांटा हे मूळचं अमेरिका खंडातलं, मोकळं सोडलं तर माणसाच्या डोक्यावरून जाणारं आणि लांब लवलवत्या फांद्या टाकणारं झुडूप आहे. पावसाळ्यात त्याला गोल ठेवायचं म्हणजे माळ्याने त्याच्यामागे सतत धावायचं. त्याची पिवळी मणीदार फळं विषारी असतात, हेही लहान मुलांच्या खेळाच्या जागेजवळ ते लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. फायकसची गोष्ट तर याहून विसंगत. कुंडीतला तो चेंडू बहुधा आपला नांद्रुक असतो, म्हणजे वडाच्या गोतातला, रस्त्यावर सावली धरणारा वृक्ष. त्याला जन्मभर दोन फुटांत कोंडण्यात काय साधतं, हे मला खरोखर कळलेलं नाही. याउलट तगर पाहा. तिची फांदी थोडी वाढते, तिला दुबेळकं फुटतं, त्या दोन्ही फांद्यांना पुन्हा दुबेळकी फुटतात आणि कुणी हात न लावता झुडपाला घुमटाचा आकार येतो. बुटक्या तगरीत हीच रचना कमरेइतक्या उंचीत बसते. बुटक्या जातीचा इक्झोराही असाच बुडापासून फांद्या धरत भरगच्च होतो. सह्याद्रीतली अंजनी सावकाश वाढते, तिची गर्द चकचकीत पानं वर्षभर टिकतात आणि निळीजांभळी फुलं पानांच्या बेचक्यांत आणि जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून शेंड्याला थोडी कात्री लागली तरी सगळा बहर जात नाही. महाबळेश्वर-माथेरानच्या माथ्यांवर वाऱ्यापावसाने खुरटलेली अंजनीची झाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या झाडाचं वळण वेगळं सांगायला नको. करवंदाची तर जाळीच होते. मुरमाड जमीन, उन्हाचा तडाखा, पाण्याची ओढ हे सगळं ती सोसते, काट्यांमुळे गुरं लांब राहतात आणि उन्हाळ्यात करवंदं मिळतात ती वेगळीच.

सवयीइतकीच जमीनही पाहावी लागते. इक्झोराला आम्लधर्मी माती मानवते. कोकण-गोव्याच्या जांभ्यात तो सुखाने वाढतो, पण देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याला लोह उचलता येत नाही. मग शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, असा आजारी चेहरा होतो आणि लोक शेणखत वाढवत बसतात. अशा मातीत तगर किंवा कुंती लावणं शहाणपणाचं. पण कुंतीही सगळीकडे चालत नाही. ती लिंबाच्या कुळातली आहे आणि सिट्रस सायला या किडीचं आवडतं झाड आहे. संत्र्या-मोसंबीचा ग्रीनिंग हा रोग पसरवते ती हीच कीड. त्यामुळे वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बागांच्या शेजारी कुंतीचं कुंपण करणं मला चुकीचं वाटतं. मुंबई-पुण्यात मात्र हीच कुंती निर्धास्त लावावी, कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्यांची तिच्यावर सोय होते.

एकच झुडूप सगळीकडे लावण्यातला धोका युरोपने फार महागात अनुभवला आहे. बॉक्सवूड हे तिथल्या रेखीव बागांचं शतकानुशतकांचं झुडूप. बारीक पान, मंद वाढ, हवा तसा आकार. गेल्या तीसेक वर्षांत एक बुरशीजन्य करपा आणि पूर्व आशियातून आलेला एक पतंग, या दोघांनी मिळून त्याची वाताहत केली. रशियात सोचीला २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी शहर सजवायला २०१२ मध्ये इटलीहून बॉक्सवूडची रोपं आणली गेली आणि त्यांच्याबरोबर या पतंगाच्या अळ्या आल्या. त्या शोभेच्या रोपांवर थांबल्या नाहीत. काही वर्षांतच जवळच्या खोस्ताच्या राखीव जंगलातलं पुरातन, नैसर्गिक बॉक्सवूड त्यांनी फस्त केलं. आपल्याकडे दुरांटावर असं संकट येईलच असं नाही. पण मैलोन् मैल एकच रोप लावणारं शहर त्या संकटाला मोकळं मैदान देतं, हे तर खरं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तीचा. संस्थेच्या दाराशी नीटनेटकेपणा हवा, झाडांना मोकळं सोडून कसं चालेल? आक्षेप योग्य आहे. पण नीटनेटकेपणा एका जातीची, एका वयाची रोपं सारख्या अंतरावर लावूनही येतो. आणि रेखीव कड हवीच असेल, तर बारीक पानांची कुंती निवडावी. मोठ्या पानांच्या झाडावर कात्री चालवली की अर्धवट चिरलेली पानं तपकिरी पडतात आणि तो नीटनेटकेपणाही राहत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. अंजनी सावकाश वाढते, रोपवाटिकेत सहज मिळत नाही आणि बांधकाम व्यावसायिकाला ताबा देण्याच्या दिवशी हिरवं दिसायला हवं असतं. या घाईपोटीच रोपं फूटभर अंतरावर कोंबली जातात आणि दोन वर्षांत एकमेकांना गुदमरवतात. त्यापेक्षा झुडपांना पूर्ण वाढीचं अंतर द्यावं, बुटक्या तगरीला साधारण तीन फूट, आणि मधल्या जागेत पहिली दोन वर्षं झेंडू-शेवंती लावावी. ताबा देण्याच्या दिवशीही बाग भरलेली दिसते. तिसरा आक्षेप रहिवाशांच्या बैठकीत हमखास निघतो: दाट झुडपात साप येतील. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर कचऱ्यामागे. झुडपाचा बुडाकडचा वीतभर भाग फांद्या काढून मोकळा ठेवला आणि खालचा पालापाचोळा साठू दिला नाही, की झाडायलाही सोपं जातं आणि खालचं सगळं दिसतं. पोकळ गोळ्याच्या आत मात्र काय साठलं आहे, हे कुणालाच दिसत नाही.

छाटणी पूर्ण सोडून द्या, असं मला म्हणायचं नाही. फक्त कात्रीची जागा सिकेटरने घ्यावी. मोठा बहर ओसरल्यावर, पृष्ठभाग सपाट न तासता, बाहेर आलेली एकेक फांदी आत हात घालून बेचक्यापाशी कापावी. कापलेलं टोक पानांत लपतं, त्या फटीतून ऊन आत जातं आणि आतले डोळे जिवंत राहतात. कुंपण असेल तर माथ्यापेक्षा बूड रुंद ठेवावं, नाहीतर खालची पानं सावलीत झडतात. वर्षानुवर्षं कापून पोकळ झालेली कुंती किंवा तगरही वाचवता येते. पावसाळ्याच्या तोंडावर सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एकतृतीयांश जमिनीलगत कापाव्यात, पुढची दोन वर्षं उरलेल्यांचं तसंच करावं. पहिल्या वर्षी झुडूप विस्कटलेलं दिसेल, हे सोसायटीच्या समितीला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे घाबरून कुणी मध्येच ते उपटणार नाही. हे काम मे महिन्यात मात्र करू नये. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या आतल्या फांद्यांची साल त्या उन्हात भाजते आणि जिथून नवी फूट यायची ते डोळेच मरतात.