उलटा डोंगर : वाळवंटी घळईतील पायवाटा आणि सार्वजनिक वाहन

डोंगरावर जावयाचे म्हणजे आधी चढण आणि मग उतार, हा सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बेळगावजवळचा राजहंसगड चढणारा विद्यार्थी काय किंवा रायगडाची वाट धरणारा यात्रेकरू काय, दोघेही सकाळी ताज्या दमाने चढू लागतात. दम लागला, पाय भरून आले, तर अर्ध्या वाटेवरून माघारी फिरता येते आणि परतीची वाट उताराची असते. डोंगर माणसाला थकव्याचा इशारा वेळेवर देतो.

वाळवंटी प्रदेशातील घळईत हा क्रम नेमका उलटा होतो. तेथे प्रवासी सपाट काठावर वाहनातून उतरतो आणि पहिले पाऊल टाकतो ते उताराकडे. पाय हलके असतात, सकाळची हवा थंड असते, वाट भराभर सरते. श्रम जाणवू लागतात ते परत फिरल्यावर. त्या वेळी उन्हे चढलेली असतात, जवळचे पाणी निम्मे संपलेले असते आणि सारी चढण पुढे उभी असते. ‘उतरणे ऐच्छिक, चढणे अनिवार्य’ असे तेथील जाणते लोक म्हणतात, त्याचा अर्थ हाच होय.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील ग्रँड कॅन्यन आणि झायन या दोन घळया या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. दोन्ही ठिकाणच्या प्रसिद्ध पायवाटांच्या तोंडाशी सार्वजनिक बस पोहोचते. या बसने निसर्गाचे रक्षण कसे साधले आणि पायी जाणाऱ्याने तिच्या वेळापत्रकाशी आपल्या शक्तीचा मेळ कसा घालावा, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

पृथ्वीच्या पोटातील वाट

ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली महाघळई सुमारे ४४६ किलोमीटर लांब, सरासरी १६ किलोमीटर रुंद आणि जास्तीत जास्त सुमारे १.८ किलोमीटर खोल आहे. नदीने हे कार्य गेल्या सुमारे ५० ते ६० लाख वर्षांत केले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. खडक मात्र त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तळाजवळचे काळसर रूपांतरित खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. घळईत उतरणारा मनुष्य प्रत्येक वळणावर काळाच्या एकेक थरातून मागे जात असतो.

या तळच्या खडकांना ‘विष्णू’ हे नाव आहे, हे वाचून आपल्याकडील वाचकांस नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने घळईची पाहणी केली. शिखरांसारखे उभे राहिलेले खडकांचे सुळके त्याला देवालयांसारखे भासले आणि त्यांतील काहींना त्याने ‘विष्णू मंदिर’, ‘शिव मंदिर’ अशी नावे दिली. खडकांचे नाव या ‘विष्णू मंदिरा’वरूनच पडले.

आगगाडी, मोटार आणि बस

घळईच्या दक्षिण काठावर पूर्वी घोडागाडीने जावे लागे आणि त्या खडतर प्रवासात सबंध दिवस खर्ची पडे. १७ सप्टेंबर १९०१ रोजी विल्यम्स या गावाहून पहिली प्रवासी आगगाडी काठावर पोहोचली. हे अंतर सुमारे १०३ किलोमीटर आहे. पुढे घरोघरी मोटारी आल्या, गाडीचे प्रवासी घटत गेले आणि १९६८ मध्ये प्रवासी वाहतूक बंद पडली. आगगाडीची जागा मोटारींनी घेतली, तेव्हा त्या उभ्या करण्यास जागा पुरेना. शेवटी १९७४ मध्ये उद्यानाने काठावर विनामूल्य बस सुरू केली. १९८९ मध्ये आगगाडीही पुन्हा धावू लागली.

आज काठावरील हर्मिट रस्ता मार्चपासून नोव्हेंबरअखेर खाजगी मोटारींस बंद असतो. साउथ कैबाब या पायवाटेच्या तोंडाशी तर वर्षभर खाजगी मोटार नेता येत नाही. तेथे बसनेच जावे लागते. पहाटे उतरू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळी बसही सोडण्यात येते.

बसमुळे पायी जाणाऱ्यास आणखी एक लाभ होतो. मोटार घेऊन आलेल्यास जेथून उतरला तेथेच परत यावे लागते. बसने आलेला मात्र एका वाटेने उतरून दुसऱ्या वाटेने वर येऊ शकतो. साउथ कैबाबची वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते. ती उभ्या उताराची असून तिच्यावर सावली थोडी आणि पाणी मुळीच नाही. ब्राइट एंजेलची वाट लांब, परंतु तिच्यावर विसाव्याची ठिकाणे आहेत. म्हणून पहिलीने उतरून दुसरीने चढणे सोयीचे मानले जाते. मात्र हा एका दिवसाचा प्रवास नव्हे. एकाच दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नये, असा उद्यानाचा स्पष्ट इशारा आहे. तळाशी मुक्काम करावयाचा तर त्यासाठी आगाऊ परवाना किंवा निवासाचे आरक्षण लागते.

खाली अधिक उष्णता का ?

उंचावर थंडी आणि सखल भागात उष्मा, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यामागील कारण असे की, कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअसने तापते. ब्राइट एंजेलची वाट सुमारे २,०९० मीटर उंचीवर सुरू होते आणि नदीपर्यंत सुमारे १,३४० मीटर खाली उतरते. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर आहे, हे लक्षात घेतल्यास या उताराची कल्पना येईल. जुलै महिन्यात काठावर दिवसाचे कमाल तापमान सरासरी २९ अंशांच्या आसपास असते, तर तळाशी ते सरासरी ४१ अंश असते. काही दिवशी ते ४८ अंशांच्याही पुढे जाते. शिवाय तापलेले खडक सूर्य मावळल्यानंतरही उष्णता सोडत राहतात.

हवा अत्यंत कोरडी असल्याने घाम अंगावर दिसत नाही. तो येताक्षणीच वाळतो. कोकणात किंवा गोव्यात अंग घामाने निथळू लागते आणि माणूस आपोआप सावध होतो. वाळवंटात ही खूण मिळत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. त्याचबरोबर खारट खाद्यही खावे. घामातून मीठ जात असता केवळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातील क्षाराचे प्रमाण घटून मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत घळईत चालू नये, हा तेथील मुख्य नियम आहे.

वेळेचे गणित

उतरण्यास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढण्यास धरावा, असा साधा हिशेब आहे. आगगाडीने आलेल्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. गाडी दुपारच्या सुमारास पोहोचते आणि त्याच दिवशी परतणाऱ्यास काठावर चार तासांहून कमी वेळ मिळतो. त्यातून पाऊण तास राखून ठेवल्यास तीन तास उरतात. म्हणजे एक तास उतरावे आणि दोन तास चढावे. ब्राइट एंजेलच्या वाटेवरील पहिला विसावा सुमारे २.४ किलोमीटरवर आहे. एवढ्या वेळात फार तर तेथपर्यंत जाता येईल. भर उन्हाळ्यात तेवढेही करू नये. त्याऐवजी काठाने जाणारी सुमारे २१ किलोमीटरची पायवाट धरावी. तिच्या बऱ्याचशा भागात ठिकठिकाणी बसचे थांबे आहेत. थकवा आला की पुढच्या थांब्यावर बसमध्ये बसता येते.

याच वाटेवर सुमारे ७.२ किलोमीटर खाली झरा आणि झाडी असलेले एक स्थळ आहे. हवासुपाई जमातीचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तेथून हलविण्यात आले. शेवटच्या रहिवाशाने १९२८ मध्ये ती जागा सोडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या स्थळाला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. वाटेवरील विसाव्यांना पाणी पुरविणारी वाहिनी जुनी असून वारंवार फुटते. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी आणि नळाच्या भरवशावर रिकाम्या बाटलीने उतरू नये.

झायन : बस आणि पूर

युटा राज्यातील झायन ही घळई व्हर्जिन नदीने वालुकाश्मात कोरलेली आहे. येथे प्रवासी काठावरून खाली न उतरता तळातूनच प्रवेश करतात. १९९७ च्या सुमारास येथे वर्षाला सुमारे २४ लाख लोक येत आणि अरुंद रस्त्यावर मोटारींची दाटी होई. वाहने झाडाझुडपांवर उभी राहत. नदीचा आवाज ऐकू येत नसे. २००० पासून विनामूल्य बस सुरू झाली. बस चालू असलेल्या हंगामात घळईच्या मुख्य रस्त्यावर खाजगी मोटारींना बंदी असते. शेजारच्या स्प्रिंगडेल गावातूनही बस प्रवेशद्वारापर्यंत येते. घळईत शांतता परतली. तथापि शेवटची बस चुकली तर घळईच्या टोकापासून सुमारे बारा किलोमीटर पायी यावे लागते, हे विसरून चालत नाही.

रस्त्यावरील गर्दी हटली तरी पायवाटेवरील गर्दी उरतेच. ‘एंजेल्स लँडिंग’ या कड्याच्या अरुंद धारेवर साखळी धरून चढावे लागते. तेथे रांगा लागू लागल्याने १ एप्रिल २०२२ पासून परवाना आवश्यक करण्यात आला आहे.

बसच्या शेवटच्या थांब्यापुढे नदी दोन भिंतींमध्ये शिरते. भिंती सुमारे तीनशे मीटर उंच, तर नदीची रुंदी काही ठिकाणी जेमतेम सहा ते नऊ मीटर. येथे भय उन्हाचे नसून पाण्याचे असते. उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही. तो थेट घळईत उतरतो. डोक्यावर निळे आकाश असता दूरच्या पावसाने काही क्षणांत लोंढा येऊ शकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानातील कीहोल या अरुंद घळीत उतरलेल्या सात जणांचा अशाच पुरात अंत झाला. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या वाहत येणे, वरच्या अंगाने घोंघावणारा आवाज येणे या पुराच्या खुणा होत. त्या दिसताच उंच जागी जावे.

घ्यावयाचा बोध

आपल्याकडे वाळवंटी घळया नाहीत. परंतु उलटे डोंगर आहेत. रतनगडाजवळच्या साम्रद गावातून सांदण दरीत उतरणाऱ्यासही परतीची चढण आणि पावसाचे पाणी या दोहोंचा विचार करावा लागतो. शाळेची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी, परतीच्या शेवटच्या बसच्या वेळेपासून मागे मोजत ती काढावी आणि सर्वांत मंद चालणाऱ्या मुलाच्या पावलाने हिशेब मांडावा. ठरलेली वेळ झाली की, पुढचे दृश्य कितीही मोहक असो, मागे वळावे. घळई लाखो वर्षे तेथे आहे. ती पुढच्या खेपेसही तेथेच असेल. तिचा तळ न पाहता सुखरूप बसमध्ये बसलेला प्रवासी पुन्हा येऊ शकतो.