दप्तरातली मंडळी

श्रीरामपूर म्हटले की मराठी माणसाला ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखातले, अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर आठवते. पण आणखी एक श्रीरामपूर बंगालमध्ये, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी आहे. इंग्रजांनी त्याचे ‘सेरामपूर’ केले. १८४५ पर्यंत हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. मराठी मुद्रणाची सुरुवातीची काही पावले या दूरच्या गावात पडली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

विल्यम कॅरी हा इंग्लंडातला एक चांभार. तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला आणि १७९३ साली बंगालमध्ये उतरला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. म्हणून १८०० साली त्याने डॅनिश श्रीरामपूरचा आसरा घेतला. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक त्याला तिथे मिळाले. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली शब्दकोश काढला, तोही मोडी टाइपात! पुढे १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ आली आणि १८१५ साली ‘हितोपदेश’. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते १८३१ साली; त्याच्या कितीतरी आधीची ही हकिगत.

मी या विषयात शिरलो तो या जुन्या मराठी पुस्तकांच्या ओढीने. पण पुस्तकांच्या मागे लागता लागता नजर वळली ती ज्या मंडळीने ती छापली तिच्या वह्यांकडे. पुस्तकाच्या शेकडो प्रती निघतात. त्यातली एखादी कुठेतरी टिकून राहते. चर्चच्या नोंदवहीची प्रत मात्र एकच असते. ती गेली की गेली.

त्यातही बाप्टिस्ट मंडळींची गोष्ट निराळी. कॅथलिक किंवा अँग्लिकन चर्चवर बिशपाचा अंमल असतो; कागद बिशपाच्या कचेरीकडे जाण्याची काही रीत असते. बाप्टिस्टांमध्ये प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. कारभार सभासदांच्या सभेत चालतो आणि सभेचे इतिवृत्त चिटणीस लिहितो. शिवाय या पंथात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात माणसाने स्वतः विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. त्यामुळे वहीत नुसते नाव आणि तारीख येऊन भागत नाही. हा माणूस कोण, कुठून आला, त्याला सभासद करून घ्यावे असे सभेला का वाटले, हेही येते. कोणी गाव सोडले तर दुसऱ्या मंडळीच्या नावे दिलेले पत्र येते. कोणाला कशासाठी समज दिली तेही येते. सरकारी दप्तरात साधा माणूस सापडतो तो सारा भरताना किंवा कोर्टात उभा असताना. इथे तो बोलताना सापडतो.

कृष्ण पाल या सुताराचेच पाहा. त्याचा खांदा निखळला होता, मिशनमधल्या डॉ. जॉन थॉमस यांनी तो बसवला. त्यातून ओळख वाढली आणि २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात कॅरीने त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच दिवशी कॅरीचा मुलगा फेलिक्स याचाही बाप्तिस्मा झाला. धर्मांतराबद्दल कोणाचे मत काहीही असो. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बंगाली सुताराचे नाव, धंदा, दुखणे आणि निर्णयाचा दिवस आज आपल्याला सांगता येतो, तो केवळ कोणीतरी वेळीच लिहून ठेवले आणि दुसऱ्या कोणीतरी ते जपले म्हणून.

जपणे किती नाजूक असते याचा धडाही श्रीरामपूरनेच दिला. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याच्या कागदाच्या कोठारात आग लागली. वॉर्डने दारे-खिडक्या बंद करवल्या, छपराला भोक पाडून पाणी ओतवले. आग आटोक्यात येत होती. तेवढ्यात कोणी एक खिडकी उघडली आणि वाऱ्याबरोबर सारे पेटले. अनेक भाषांचे टाइप वितळले. यंत्रे वाचली; अक्षरांचे पोलादी ठसे ढिगाऱ्यात शाबूत सापडले आणि वितळलेल्या धातूतून नवे टाइप ओतले गेले. सुमारे दहा हजार पौंडांचे नुकसान विलायतेतल्या मंडळींनी वर्गणी काढून भरून दिले. पण कॅरीच्या बहुभाषी शब्दकोशाचे हस्तलिखित जळाले, ते कुठल्या वर्गणीने परत येणार? धातू पुन्हा ओतता येतो, लिहिलेला कागद पुन्हा ओतता येत नाही.

पुढे याच लोकांनी कसर न लागणारा कागद बनवण्याची खटपट केली. कागदाच्या गिरणीसाठी १८२० साली वाफेचे इंजिन आणले.

१८१८ साली त्यांनी श्रीरामपूर कॉलेज काढले. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ साली त्याला पदव्या देण्याची सनद दिली. त्या सनदेच्या जोरावर श्रीरामपूरच्या सिनेटतर्फे आजही देशभरच्या सेमिनरींतून धर्मशिक्षणाच्या पदव्या दिल्या जातात. आपल्या पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांतलीच. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा एक कागद आजच्या विद्यार्थ्याच्या पदवीला आधार देतो. सेमिनरीचे दप्तर म्हणजे जुनी रद्दी नव्हे, हे यावरून पटावे. कोण शिकायला आले, कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, शिकून कुठे गेले. खेड्यातल्या शिक्षणाचा इतिहास या हजेरीपटांत दडलेला असतो.

श्रीरामपूरचे कागद आज एका जागी नाहीत. काही तिथल्या कॅरी लायब्ररीत आहेत, तर मूळ मिशनरी सोसायटीचे दप्तर ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातल्या अँगस लायब्ररीत. १८२७ साली श्रीरामपूरकरांचे आणि सोसायटीचे बिनसले आणि दहा वर्षे दोघे वेगळे राहिले. भांडणाची एक बाजू इथे आणि दुसरी तिथे! अभ्यासकाने दोन्ही वाचावी.

ही झाली मोठ्या नावांची गोष्ट. आपल्या गावोगावच्या लहान मंडळींचे काय? तिथे वह्या बहुधा चिटणिसाच्या घरच्या ट्रंकेत असतात. एका मंडळीचे वृद्ध चिटणीस वारले. मुलांनी घर आवरताना ट्रंकेतले कागद रद्दीवाल्याला किलोने दिले. काही महिन्यांनी एक विधवा बाई पेन्शनसाठी लग्नाचा दाखला मागायला आल्या. लग्न लागले होते, साक्षीदार देवाघरी गेले होते, वही पुड्या बांधण्यात संपली होती. मी त्या बाईंशी बोललो. त्या रागावल्या नव्हत्या; एवढेच म्हणाल्या, “भाऊ, मग माझं लग्न झालंच नाही असं समजायचं का?” याला उत्तर काय द्यायचे?

जतनाचे काम अवघडही नाही. वहीवर सेलोटेप लावू नये; तिचा गोंद पुढे कागद पिवळा करतो. टाचण्या आणि रबरबँड काढून टाकावेत. ओल आणि ऊन दोन्ही टाळावे. कोऱ्या धुतलेल्या सुती कापडात बांधावे. आपल्या पेशवे दप्तराचे रुमाल दुसरे काय आहेत? कागद ज्या क्रमाने लागले असतील तो क्रम मोडू नये, कारण क्रम हाही पुरावाच असतो. मोबाइलने छायाचित्रे जरूर काढावीत, पण मूळ वही टाकू नये. आणि शक्य असेल तर ती एखाद्या सेमिनरीच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात, लेखी पोच घेऊन ठेवायला द्यावी.

एक शंका नेहमी येते: वहीत कोणाच्या चुका लिहिलेल्या असतात, त्या उघड्या कराव्यात का? शंका रास्त आहे. हयात माणसांची झाकली मूठ झाकलीच राहावी. म्हणूनच चांगल्या संग्रहांत अशी पाने ठरावीक वर्षे बंद ठेवतात. पान बंद ठेवणे वेगळे आणि जाळून टाकणे वेगळे. पहिल्यात माणसाची अब्रू राखली जाते, दुसऱ्यात त्याचे असणेच पुसले जाते.

राजवाड्यांनी गावोगाव फिरून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली, ती लोकांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून. ते माळे अजून आहेत. ते काही फक्त वाड्यांतच नसतात. चर्चच्या मागच्या खोलीत, मठात, मशिदीत, शाळेच्या अडगळीतही असतात. येत्या सुटीत आपापल्या ठिकाणची एक ट्रंक उघडून पाहा. निदान आत काय काय आहे याची एक यादी करून ठेवा.