एका वर्तुळातले नव्वद हजार

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर ४ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकामाची मुभा, मिळाला तर ४,३५६ चौरस फूट बांधकाम उभं राहतं, म्हणजे सातशे फुटांचे सहा फ्लॅट, तेही एका गुंठ्यात. पुण्यात मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत, रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असेल तर, जास्तीत जास्त एवढा एफएसआय मिळू शकतो.

नगर जिल्ह्याने याचा हिशेब करायला हवा, कारण ही मेट्रो नगर रस्त्यानेच आपल्या दिशेला सरकते आहे. रामवाडीपर्यंतचा टप्पा ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. २५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या ११.६३ किलोमीटरच्या, ११ स्टेशनांच्या मार्गाला मंजुरी दिली. नगर, पारनेर, श्रीगोंद्याची किती तरी मुलं शिकायला, नोकरीला पुण्याला जातात आणि खराडी-वाघोलीतच पहिलं बिऱ्हाड थाटतात.

५०० मीटर ऐकायला थोडं वाटतं. पण तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर तीन किलोमीटरहून जास्त भरतो. आपला भुईकोट किल्ला ज्यांनी फिरून पाहिलाय त्यांना अंदाज येईल: किल्ल्याचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि या वर्तुळाचं क्षेत्रफळ अशा तीन किल्ल्यांपेक्षा जास्त भरतं. एकूण १९४ एकर. त्यातली निम्मी जागा रस्ते, शाळा, बागा, देवळांना सोडली आणि उरलेल्या ९७ एकरांवर सगळीकडे ४ एफएसआय वापरला, तर सुमारे १५ लाख ७० हजार चौरस मीटर बांधकाम होतं. एका फ्लॅटमागे ७० चौरस मीटर धरले, तर २२,४०० फ्लॅट. घरटी चार माणसं, म्हणजे जवळपास ९०,००० लोक.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या नगर शहराची लोकसंख्या ३,५०,८५९ होती. तिच्या पावपट माणसं एका स्टेशनाभोवती! दर चौरस किलोमीटरला हे १ लाख १४ हजारांच्या वर जातं. त्याच जनगणनेत मुंबई उपनगरांत हा आकडा २१ हजार होता आणि आपल्या जिल्ह्यात २६६.

नियमात बसतं तेवढं सगळं बांधलं जाणार नाही, हे खरं. सगळे रस्ते रुंद नाहीत, जुन्या सोसायट्या एका दिवसात पडत नाहीत. म्हणून निम्मंच धरा. तरी ४५,००० होतात.

आता पाणी. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. ९०,००० लोकांना रोज १ कोटी २१ लाख लिटर लागेल. दहा हजार लिटरचे टँकर लावले तर १,२१५ खेपा, दिवस-रात्र दर ७१ सेकंदांना एक. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, आणि तिथल्या कित्येक सोसायट्या आजही टँकरवर जगतात. तिथले रहिवासी उंच इमारतींना हरकत घेतात तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. टँकरचं बिल महिन्याच्या महिन्याला भरणारा माणूस हे गणित कोणत्याही तज्ज्ञाइतकंच ओळखतो.

गाड्यांचंही तेच. फ्लॅटमागे एकच दुचाकी धरली आणि त्या एकामागे एक उभ्या केल्या, तर रांग ४२ किलोमीटरची होते. वाघोलीहून निघून ती रांजणगाव गणपती मागे टाकेल.

आणि सांडपाणी? वापरलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग गटारात जातो. एका वर्तुळातून रोज ९७ लाख लिटर. पुण्याचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे उघड आहे. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा खाली आपल्या जिल्ह्याची दक्षिण हद्द धरून वाहते. श्रीगोंद्यातलं पेडगाव, कर्जतमधलं सिद्धटेक, दोन्ही तिच्याच काठावर. वाघोलीतला चौदावा मजला आणि सिद्धटेकचा घाट एकाच पाण्याने जोडलेले आहेत. पुण्याच्या बैठकांत ही गोष्ट कुणी मांडत नसेल, तर ती आपण मांडली पाहिजे.

तरीही स्टेशनाजवळ दाट वस्ती नकोच, असं मी म्हणणार नाही. हेच ९०,००० लोक एक एफएसआयने वसवायचे तर चौपट जमीन लागेल, म्हणजे आणखी ५८२ एकर, आणि ती शेतांतूनच जाईल. शिवाय ते लोक स्टेशनपासून लांब पडतील आणि गाडी काढतील. मेट्रोच्या पायाशी घरं असणं योग्यच आहे.

पण ११.६३ किलोमीटरवर ११ स्टेशनं म्हणजे दर किलोमीटरला साधारण एक. एकेक किलोमीटर व्यासाची ही वर्तुळं एकमेकांना खेटून बसतात आणि सलग पट्टा तयार होतो. सगळी भरली तर जवळपास दहा लाख लोक, वर्षाला १.७ टीएमसी पाणी. मुळा धरणाची सगळी क्षमता २६ टीएमसी आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा.

म्हणून मागणी साधी आहे. या मार्गासाठी चार वर्षांची मुदत आहे. प्रत्येक वर्तुळासाठी जलवाहिनी किती लिटरची आणि मैलाशुद्धीकरण केंद्र किती क्षमतेचं, हे महापालिकेने आधी जाहीर करावं. जेवढं पाणी येईल आणि जेवढं शुद्ध होऊन बाहेर पडेल, तेवढ्याच फ्लॅटना भोगवटा प्रमाणपत्र द्यावं. त्या हिशेबाची एक प्रत कर्जत आणि श्रीगोंद्याच्या तहसील कार्यालयांतही लावावी.