ओट्याखालचा जुना पाइप

संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर धान्यबाजाराविषयीच लिहीत आलो आहोत. यंदा संपादक मंडळींची क्षमा मागून दुकान सोडून स्वयंपाकघरात शिरत आहोत. गेल्या मार्गशीर्षात कंग्राळीच्या आमच्या घरी जे घडता घडता राहिले, ते कोणत्याही सभासद बंधूच्या घरी घडू शकेल. आणि ते टळले ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे घर २००२ साली बांधले. त्या वेळी गॅसचे सिलिंडर मागल्या पडवीत ठेवून तेथून लोखंडी पाइप भिंतीतून आत घेतला व ओट्याच्या पाठीमागून शेगडीपर्यंत आणला. ही सोय आम्हांस फार अभिमानाची वाटे. वीस वर्षांहून अधिक काळ त्या पाइपाकडे कोणी वळून पाहिले नाही. पुढे सूनबाईंनी ओट्यात बसवावयाची शेगडी, जिला बाजारात हॉब म्हणतात, घेण्याचे ठरविले. ग्रॅनाइट कापणारा मिस्त्री आला. त्याने पाइपावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “मालक, पाइप अजून दणकट आहे बघा. वरनं रंग मारला की झालं.” आम्हांस ते पटले. खर्च वाचविणारा सल्ला व्यापाऱ्यास लवकर पटतो.

तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “मामा, परखी लावल्याशिवाय तुम्ही पोत्यातल्या गव्हाचा भाव करत नाही. मग पाइप वरूनच बघून कसा पास केलात?”

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी जाणकार गॅस-मिस्त्रीस बोलाविले. त्याने सिलिंडर सोडविले, शेगडीकडचे तोंड बंद केले, पाइपात हवा भरून दाब दाखविणारे घड्याळ लावले व आम्हांस समोर बसविले. काटा स्थिर राहावयास हवा होता. चहा निवावयाच्या आत तो स्पष्टपणे खाली आला. मग साबणाचा फेस सांध्यासांध्यांवर लावला. भिंतीतून पाइप आत येतो तेथे, आणि ओट्याच्या कोपऱ्यातील सांध्यावर, बारीक बुडबुडे फुगू लागले. (कित्येक घरी गळती शोधण्यास काडी ओढून पाहतात. असे कोणीही, कधीही करू नये.) कारण उघड होते. ओटा रोज धुतला जाई, ते पाणी मागे झिरपे, आणि सिमेंटमध्ये थेट गाडलेला लोखंडी पाइप आतल्या आत गंजत राही. वरचा रंग मात्र शाबूत होता. शेगडीस जोडलेल्या रबरी नळीवर छापलेले साल वाचले, तर तिचीही मुदत केव्हाच संपली होती.

इतकी वर्षे गळती असूनही काही झाले नाही ते कसे, असा प्रश्न आम्ही विचारला. त्याने दिलेले उत्तर हा लेख लिहिण्याचे खरे कारण होय. जुनी शेगडी उघड्या ओट्यावर होती, ओट्याखालील कप्प्यांस दारे नव्हती, पलीकडे पडवीचे दार उघडे असे. जो थोडा गॅस निसटे तो वाऱ्यावर जाई. हॉब बसला की त्याखाली घट्ट दारांचे कपाट येणार, नळी आणि सांधे त्यात झाकले जाणार. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर न जाता तळाशी साचतो, आणि हवेत सुमारे दोन टक्के मिसळला तरी एक ठिणगी पुरते. म्हणजे गळती तीच राहिली असती, पण तिला कोंडून ठेवणारी पेटी आम्ही स्वतःच पैसे मोजून करवीत होतो.

आपल्या घरांत ह्याला आणखी एक पदर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की चूल बंद होते, खिडक्या लागतात, आणि स्वयंपाकघर दहा-बारा तास मिटलेले राहते. पहाटे कोणीतरी पाणी उकळण्यासाठी प्रथम आत जाते. ते बहुधा घरातील वडील माणूस असते.

पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास तिच्या अठराव्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी काडी ओढली, आणि स्फोटाने भिंती उडून इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. ती बाई मात्र वाचली. चौकशीत इमारतीच्या बांधणीतील दोष निघाले हे खरे, पण गॅस सुटला होता तो शेगडीच्या जोडणीतील एका निकृष्ट पितळी नटामधून. तो नट तुटला होता.

वास येईलच, अशी आपली समजूत असते. गॅसला मूळचा उग्र वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वासहीन गॅस इमारतीखाली साचून स्फोट झाला व सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक दगावले. त्यानंतर वास मिसळण्याचे नियम तेथे कडक झाले. परंतु वास घेण्यास नाक हवे. आमचे नाक चाळीस वर्षे धान्याच्या धुळीने आणि शेजारच्या गाळ्यातील ब्याडगी मिरचीने इतके निबर झाले आहे, की गॅसचाच काय, जळालेल्या दुधाचाही वास आम्हांस सर्वांत शेवटी येतो.

पुढे जुना पाइप तसाच मृत ठेवून तांब्याचा नवा पाइप भिंतीवरून, दिसेल असा नेला. भिंतीतून जातो तेथे त्याभोवती मोठ्या नळीचे वेष्टण घातले. बंद करावयाची कळ कपाटाबाहेर, हात पोहोचेल अशी बसविली. आतून पोलादी तारेचे जाळे असलेली, ठशाची नारिंगी नळी घेतली. ती पाच वर्षांनी बदलावयाची असल्यामुळे तिचे साल दुकानाच्या वहीत टिपून ठेवले आहे. कपाटाच्या दारांस तळाशी जाळी ठेवविली. ज्यांच्याकडे नळाने नैसर्गिक गॅस येतो त्यांनी जाळी वरच्या अंगास ठेवावी, कारण तो गॅस हवेपेक्षा हलका असतो; त्याच्या बर्नरचे छिद्रही निराळे लागते, म्हणून हॉब घेतानाच दुकानदारास तसे सांगावे. ह्या सर्वांस जो खर्च आला तो एक क्विंटल चांगल्या तांदळाच्या किमतीइतकाही नव्हता.

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर सौ. नी एक कागद चिकटविला आहे. वास आला तर दिव्याचे बटण लावूही नये व बंदही करू नये, रेग्युलेटर फिरवावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे, आणि अंगणातून १९०६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, एवढेच त्यावर आहे. अक्षर मोठे आहे. आम्हांस चष्म्याशिवाय वाचता येते.

हॉब मात्र ह्या सगळ्या घालमेलीत तीन आठवडे खोक्यातच राहिला. तोवर सूनबाईंनी विजेच्या एका शेगडीवर सात माणसांचा स्वयंपाक केला, आणि आम्ही भाकरीविषयी चकार शब्द काढला नाही.