विश्लेषण : ‘एल चापो’ जन्मठेपेत, मग सिनालोआत शांतता का नाही?

दोनदा तुरुंगातून निसटलेला मेक्सिकोचा अमली पदार्थ तस्कर होआकिन गुझमन ऊर्फ ‘एल चापो’ २०१९ पासून अमेरिकेत जन्मठेप भोगत आहे. त्याची सिनालोआ टोळी मात्र संपली नाही, ती दुभंगली. त्याची किंमत सामान्य नागरिक मोजत आहेत.

एल चापोचा उदय कसा झाला?
सिनालोआ राज्यातील ला तुना या डोंगराळ खेड्यात गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. ‘चापो’ म्हणजे बुटका. १९८९ मध्ये बडा तस्कर मिगेल आंखेल फेलिक्स गायार्दोला अटक झाली, त्याचे साम्राज्य विभागले गेले आणि त्यातून सिनालोआ टोळी पुढे आली. कोलंबियाचे कोकेन अमेरिकेत पोहोचवणे हा तिचा मुख्य धंदा. त्यासाठी सीमेखालून भुयारे खणली गेली, मिरचीच्या डब्यांतूनही कोकेन पाठवले गेले. २००९ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याला अब्जाधीशांच्या यादीत स्थान दिले.

तो तुरुंगातून कसा निसटला?
१९९३ मध्ये ग्वाटेमालात पकडला गेलेला चापो २००१ मध्ये पळाला. मैल्या कपड्यांच्या गाडीत लपून तो बाहेर पडल्याचे सांगितले जाते. २०१४ मध्ये तो पुन्हा सापडला. जुलै २०१५ मध्ये कोठडीतील न्हाणीखालून खणलेल्या सुमारे दीड किलोमीटर लांब भुयारातून तो पुन्हा पसार झाला. भुयारात रुळांवर चालणारी मोटारसायकल होती. तुरुंग यंत्रणा किती पोखरली गेली आहे, हे जगाला दिसले.

शेवट कसा झाला?
जानेवारी २०१६ मध्ये त्याला लोस मोचिस शहरात पकडण्यात आले. वर्षभराने मेक्सिकोने त्याला अमेरिकेच्या हवाली केले. न्यूयॉर्कमधील खटल्यात जुन्या साथीदारांनीच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. जुलै २०१९ मध्ये त्याला जन्मठेप आणि वर ३० वर्षांची शिक्षा झाली.

पुढे काय घडले?
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लष्कराने चापोचा मुलगा ओविदियो याला कुलियाकान शहरात पकडले. टोळीच्या बंदूकधाऱ्यांनी शहर वेठीस धरले आणि सरकारला काही तासांत त्याला सोडावे लागले. २०२३ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली. जुलै २०२४ मध्ये चापोचा जुना भागीदार इस्माएल झम्बाडा अमेरिकेत पकडला गेला. चापोच्या दुसऱ्या मुलाने आपल्याला पळवून नेल्याचा त्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२४ पासून दोन्ही गटांत युद्ध पेटले. कुलियाकानमध्ये शाळा आणि दुकाने बंद पडली, अनेक कुटुंबे आपल्या बेपत्ता माणसांना शोधू लागली.

म्होरक्या गजाआड गेला, पण अमली पदार्थांची मागणी, बंदुका आणि भ्रष्ट यंत्रणा जागेवरच राहिल्या. रिकाम्या गादीसाठी मग वारसच एकमेकांवर उठले.